एंट्रीचा अपडेट: सॅटेलाइट बंद, हिस्सेविक्री चालू

काल पोकरच्या सॅटेलाइटमध्ये (मुख्य स्पर्धेची सीट बक्षीस देणाऱ्या छोट्या स्पर्धेत) हेड्स-अपपर्यंत, म्हणजे शेवटच्या दोघांपर्यंत गेलो. माझ्याकडे किंग्ज, समोर एस-क्वीन (एक्का-राणी), प्रीफ्लॉपच, टेबलावर पत्ते उघडण्याआधीच, सगळ्या चिप्स मध्ये. रिव्हरला, शेवटच्या पत्त्याला, एक्का. सीट एकच होती, त्यामुळे दुसऱ्या नंबरला भोपळा. पत्त्यांवर राग नाही, असे हात जातातच. राग येतो तो वेळापत्रकाचा. मुख्य स्पर्धा इतक्या ऐनवेळी जाहीर झाली की पैसे जमवायला सवडच नाही, आणि एका स्पर्धेत बँकरोलच्या (खेळासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या) शंभराव्या भागापेक्षा जास्त न लावण्याचा नियम मला मोडायचा नाही.

मग रात्री स्प्रेडशीट उघडली. (महागड्या ट्रॅकरपेक्षा माझा अजूनही तिच्यावरच जास्त विश्वास.) एंट्री 100+10 धरा: 100 बक्षिसांत, 10 आयोजकाचा रेक. दहा जणांचं 11+1 चं सॅटेलाइट एक सीट देतं. म्हणजे सरासरी खेळाडूला ती सीट 120 ला पडते, थेट विकत घेण्यापेक्षा महाग! रेक दोनदा भरतो ना आपण. आठात एकदा जिंकणाऱ्याला ती 96 ला पडते, पण त्यासाठी भरपूर सॅटेलाइट खेळायला हवीत. पाचच मिळाली तर 60 घालवूनही रिकाम्या हाती परतायची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. हातात महिना असता तर सॅटेलाइटच खेळलो असतो. आता नाही.

तर हिस्से विकायचे: दुसऱ्यांनी एंट्रीचा काही भाग भरायचा आणि जिंकलो तर तेवढा वाटा घ्यायचा. इथे मार्कअपवर (मूळ भावाच्या किती पट मागायचे यावर) घोडं अडलं आणि अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. 1.1 ने 60 टक्के विकले तर 72.6 जमतात, माझ्या खिशातून 37.4 जातात. नेहमी हिस्सा घेणाऱ्या मित्राने सरळ विचारलं, ‘1.1 कशाच्या जोरावर?’ माझा आरओआय (लावलेल्या पैशावरचा परतावा) काही शे स्पर्धांचा आहे. एवढ्याशा नमुन्यात दोन मोठी बक्षिसं वगळली की आकडा शून्याखाली जातो. त्याच्याशी वाद घालायला मुद्दाच उरला नाही.

2003 मध्ये 86 डॉलरच्या सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या 10,000 डॉलरच्या मेन इव्हेंटला पोचलेल्या आणि तो जिंकलेल्या क्रिस मनीमेकरचं नाव सगळे घेतात. पण त्यानेही वडिलांना आणि मित्राला हिस्सा विकला होता, हे फारसं कोणी सांगत नाही.

हे टाइप करतानाच सुचलं: लेट रजिस्ट्रेशन, म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यावर नाव नोंदवणं! नोंदणीच्या शेवटच्या लेव्हलपर्यंत थांबलो तर विकायला आणखी काही तास मिळतात. पण 30,000 चिप्सचा स्टॅक 100/200 च्या ब्लाइंड्सना (लेव्हलगणिक वाढणाऱ्या सक्तीच्या पैजांना) 150 बिग ब्लाइंड असतो आणि 500/1000 ला फक्त 30. माझी जी काही एज (सरशी) आहे ती खोल स्टॅकवर, फ्लॉपनंतर (पहिले तीन पत्ते उघडल्यावर). उशिरा बसून वर मार्कअप मागणं म्हणजे उघड लबाडी.

म्हणून मार्कअपच काढून टाकला. मूळ भावाने 66 टक्के विकले तरी तेवढेच 72.6 येतात. सहा टक्के जादा सुटतात, पण घासाघीस संपते. भाव बदलल्यावर तासाभरात अर्ध्याहून जास्त हिस्से गेले.

एक गाठ बाकी आहे, री-एंट्रीची, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसण्याची. विकलेले हिस्से पहिल्याच बुलेटचे (एंट्रीचे), हे आत्ताच सगळ्यांना लिहून कळवतोय. दुसरी मारलीच तर ती पूर्ण माझ्या पैशाने, नफाही माझा. तसंही बँकरोलच्या नियमाप्रमाणे दुसरीला पैसे उरतच नाहीत. तुमच्याकडे दोन्ही बुलेट एकत्र विकतात का? विकत असाल तर न वापरलेल्या बुलेटचे पैसे कधी परत करता?