नौतप्यातली गच्ची

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या जुन्या घराचं छत दगडी पट्ट्यांचं. नौतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापाचे दिवस, लागला, पारा 45 ला टेकला, की हे छत दिवसभर ऊन पितं आणि रात्री आमच्या डोक्यावर ओकतं. जाड दगडातून ऊन सावकाश उतरतं. भर दुपारी माजघर बरं वाटतं, ते एवढ्यासाठीच. दुपारचा ताप खाली पोचेस्तोवर जेवणं उरकलेली असतात. मग पंखा लावा नाहीतर नका लावू, भट्टीपुढे बसल्यासारखंच.

म्हणून सातच्या ठोक्याला काकू बादली घेऊन वर. पहिला तांब्या पडतो, दगड अधाशासारखा पितो, ओला डाग कडांकडून आक्रसत जातो आणि बघता बघता नाहीसा.

"एवढ्याशा पाण्यानं काय होतंय!" हे काकांचं दरवर्षीचं.

होतं की. 20 अंशांवरचं लिटरभर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण 7 पट तेवढंच पाणी वाफ होऊन उडताना घेऊन जातं. शिवाय इथली मे महिन्यातली हवा खडखडीत कोरडी, वाफेला हावरटच. हेच जुलैत करून बघा, गच्ची नुसती निसरडी होते. कूलरही तेव्हाच रुसतो.

आपलं अंगही या गच्चीसारखंच. नुसतं बसून असलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता टाकत असतो, जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. मामा सहकुटुंब आले की माजघर तापतं ते उगाच नाही. सहा दिवे पेटलेले असतात, त्यात मामी बोलत असतात. बाहेर हवा 37 अंशांवर, म्हणजे अंगाच्या बरोबरीला आली, की ही उष्णता हवेत जाईना. दोघांचं तापमान सारखं झालं, देवघेव बंद. चहा असा निवून बसला तर चालतं, माणसाला नाही चालत. मग घामच काय तो वाली.

साडेनऊला गाद्या वर जातात. पट्ट्या अजून कोमट असतात, सगळे कुशी बदलत राहतात. वर आभाळ मोकळं, त्यामुळे दगड रात्रभर आपली ऊब तिकडे सोडत असतो.

पहाटे चारला काका पायाशी चादर चाचपतात.

"फार पाणी ओतलंस गं."