'द स्टॅन्ली पॅरेबल': ॲचिव्हमेंट्स मिळवताना

2013 च्या या व्हिडिओ गेममध्ये ॲचिव्हमेंट्स, म्हणजे ठरावीक कामगिरीबद्दल मिळणारे बिल्ले, मिळवायचे तर घाई उपयोगाची नाही. आधी गोष्टीचे सगळे वेगवेगळे शेवट शांतपणे बघा. गोष्ट सांगणाऱ्या निवेदकाचं बोलणं अर्ध्यावर तोडू नका, खरी मजा त्यातच आहे.

एका ॲचिव्हमेंटसाठी 430 क्रमांकाच्या दारावर पाच वेळा क्लिक करायचं असं लिहिलंय, पण पाचावर काम भागत नाही. निवेदक आकडा वाढवतो, इकडेतिकडे पळवतो. त्याचं ऐकत राहा.

'कमिटमेंट' या ॲचिव्हमेंटसाठी अख्खा मंगळवार खेळ चालू हवा. सोमवारी रात्री बारापूर्वी सुरू करा, बुधवार उजाडेपर्यंत बंद करू नका. संगणकाचा स्लीप मोड आधीच काढा, नाहीतर मध्येच खंड पडतो.

'गो आउटसाइड'ला मात्र पाच वर्षं खेळाला हातच लावायचा नाही. 2022 च्या 'अल्ट्रा डीलक्स' या नव्या आवृत्तीत हीच मुदत दहा वर्षांची आहे! संगणकाचं घड्याळ पुढे करून ही ॲचिव्हमेंट मिळवता येते, पण मग त्या प्रतीक्षेला अर्थ उरत नाही.