खाउदाच्या तलावात चार जागा

आपण ज्याला ‘गौडा चीज’ म्हणतो, त्या चीजच्या नेदरलँड्समधल्या गावाशेजारी मी पाच वर्षं राहते. इथे गौडा म्हटलं तर कुणालाच कळत नाही. गावाचं नाव ‘खाउदा’, आणि तो ‘ख’ घशाच्या पार तळातून, खाकरल्यासारखा काढायचा. इंग्रज-अमेरिकन मंडळींची तिथे भंबेरी उडते, आपल्याला मात्र ते फारसं जड जात नाही. डच शिकताना मराठीचा मला झालेला हा एकमेव फायदा.

२०१६च्या मार्चमध्ये शेजारच्या आजींनी कुंपणावरून हाक मारली. वय ७४, सायकल रोज, पाऊस असो नसो. त्यांच्या मैत्रिणीला ताप आला होता, तिकीट वाया जाणार होतं. “बायकांचा वॉटरपोलो. ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा आहे, आपल्या खाउदात. येतेस?”

मी हो म्हटलं ते खरं तर तिकीट फुकट होतं म्हणून. वॉटरपोलोबद्दल माझं ज्ञान पेपरातल्या एका फोटोपुरतं: पाणी उडतंय आणि टोपी घातलेला एक हात वर आलाय. टोपी हाताला नसते, डोक्याला असते, एवढंही त्या फोटोतून नीट कळलं नव्हतं.

आजींनी रस्त्यात, सायकल चालवता चालवता, गणित समजावलं. रिओ ऑलिंपिकला बायकांचे संघ आठ. त्यातल्या चार जागा आधीच गेल्या: यजमान ब्राझील, आणि ऑस्ट्रेलिया, चीन, हंगेरी. उरल्या चार. त्या चार जागांसाठी बाकीचं जग २१ ते २८ मार्च आमच्या या चीजच्या गावात गोळा झालेलं. गटातले सामने संपले की शेवटच्या आठांत एकच सामना. जिंकलात तर रिओ, हरलात तर घरी. त्या रांगेत अमेरिकाही उभी होती. लंडनचं सुवर्ण त्यांचं, आदल्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्यांचं, आणि तरी तिकीट नाही. आणि नेदरलँड्सही होतं. रशियातल्या कझानला झालेल्या त्याच जागतिक स्पर्धेत अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ५-४ असा हरलेला, जानेवारीत बेलग्रेडला युरोपातही दुसरा आलेला संघ.

“म्हणजे तुमचं नक्की,” मी म्हटलं.

आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की लग्नघरात कुणी ‘पाऊस काही येत नाही’ म्हणावं. “२००८ला बीजिंगला आम्ही सुवर्ण जिंकलं,” त्या म्हणाल्या, “आणि २०१२ला लंडनला आम्ही नव्हतोच. पात्रच झालो नाही.” पुढच्या चौकापर्यंत कुणी बोललं नाही.

तलावाचं नाव ख्रूनहोव्हनबाद. बाहेर बोचरा वारा, आत शिरलं की चष्म्यावर वाफ आणि नाकात क्लोरीन. कोट, मफलर, टोपी, स्वेटर असं एकेक उतरवून मांडीवर ढीग घेऊन बसले. डावीकडच्या बाईंनी डब्यातून पाव-चीज काढलं. उजवीकडे आजींनीही तसाच डबा काढला. हा देश दुपारच्या जेवणाच्या बाबतीत फारच शिस्तीचा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर रडेन.

पहिला अर्धा सामना कोण कुणाशी खेळतंय याचाच मला पत्ता नव्हता. पांढऱ्या टोप्या आणि निळ्या टोप्या, दोन्ही गोलकीपर लाल टोपीत, इतकंच. शिट्टी झाली की दोन्हीकडून एकेक मुलगी सुसाट पोहत मध्ये येते, जी आधी पोहोचेल तिचा बॉल. एका वेळी एका संघाच्या सात जणी पाण्यात. आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि तेव्हाच्या नियमाने ३० सेकंदांत गोलवर बॉल मारायचाच, नाहीतर बॉल समोरच्यांना. गोलकीपर सोडून कुणीही बॉलला दोन हात लावायचे नाहीत. आणि तळाला पाय टेकायचा नाही.

हे शेवटचं आजींनी सहज सांगितलं. मी मान डोलावली आणि मग जरा वेळाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे या मुली उभ्या नाहीत?

“उभ्या? खाली दोन मीटर पाणी आहे.”

त्यानंतर मी बॉलकडे बघणं सोडलं आणि त्यांच्या पायांकडे बघायला लागले. आम्ही वर, चौथ्या-पाचव्या रांगेत होतो, त्यामुळे पाण्याखालचं थोडंफार दिसत होतं. पाय खालीवर मारत नाहीत. गुडघे बाजूला काढून दोन्ही पोटऱ्या गोल फिरवतात, एक इकडून, दुसरी तिकडून. ताक घुसळताना रवी फिरते ना, तशा दोन रव्या, उलट्यासुलट्या, न थांबता. त्या जोरावर मुलगी कंबरेपर्यंत पाण्याबाहेर येते, एका हातात बॉल डोक्यामागे धरते, समोरची गोलकीपर दोन्ही हात पसरून तशीच उसळते, आणि ही बॉल मारतच नाही. नुसता मारल्याचा आव आणते. गोलकीपर खाली बसते. तेव्हा मारते.

गोलच्या पुढ्यात, दोनेक मीटरवर, एक दणकट पांढरी टोपी पाठ करून ठाण मांडून होती. तिच्या मागे एक निळी टोपी चिकटलेली. वरून दोघी शांत, जणू बसची वाट बघतायत. पाण्याखाली निळीचा एक हात पांढरीच्या पोहण्याच्या पोशाखात अडकलेला, पांढरीची कोपर निळीच्या बरगडीत. बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि इथे स्वतंत्र युद्ध चाललेलं. सामन्याआधी खेळाडूंची नखं तपासतात हे आजींनी सांगितलं, ते मला आता पटलं.

काठावरून दोन पंच, पांढऱ्या कपड्यांत, येरझाऱ्या घालत होते. शिट्ट्या इतक्या, की कुकरचा भास व्हावा. नियम ऐकून मी दोनदा खात्री करून घेतली: हातात बॉल असलेल्या खेळाडूला दाबलं, ओढलं, बुडवलं तरी चालतं. बॉल हातात नसेल तर नाही. बॉल नसलेलीला धरलंत तर, तेव्हाच्या नियमाने, २० सेकंद तलावाबाहेर, कोपऱ्यात. तोवर तुमच्या पाच जणी त्यांच्या सहा जणींना अडवणार. तीनदा असं झालं की त्या सामन्यापुरतं घरी. त्यामुळे धरणारी धरते ते पंचाकडे बघत बघत, आणि जिला धरलं ती जरा जास्तच बुडते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हा खेळ समजायला वेळ लागणार नाही.

मध्यंतरात मी फुशारकी मारली. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा वॉटरपोलोचं सुवर्ण भारताने जिंकलं होतं. लहानपणी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं, आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं.

“अरे वा,” आजी म्हणाल्या. “आणि बायकांनी?”

बायकांचा वॉटरपोलो आशियाई खेळांत आलाच मुळी २०१०मध्ये. ऑलिंपिकमध्ये २०००साली, सिडनीला. पुरुषांचा १९००पासून आहे. शंभर वर्षं. हा हिशेब आम्ही दोघींनी डब्यातलं पाव-चीज खाता खाता केला.

तो गुरुवार होता, २४ मार्च. तिकडे तुम्ही सगळे रंगात न्हालेले, मला सकाळपासून फोनवर रंगवलेली थोबाडं येत होती. दुपारी अचानक प्रेक्षकांतल्या माना एकेक करून खाली, फोनकडे झुकायला लागल्या. डावीकडच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. डच फुटबॉलपटू योहान क्राउफ गेले. फुटबॉलमधलं मला शून्य कळतं, पण या देशात राहून क्राउफ कोण हे न कळणं शक्य नाही. आजींनी फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागल्या. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, “माझ्याच पिढीचा.” खाली खेळ चालूच होता.

दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅमला फ्रान्सविरुद्धचा फुटबॉलचा सामना चौदाव्या मिनिटाला थांबवून सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत उभं राहिलं. चौदा हा त्यांचा नंबर. तो आठवडाभर पेपरात दुसरं काही नव्हतं. वॉटरपोलोच्या मुलींचं नशीब बघा. घरच्या तलावात, घरच्या लोकांपुढे, चार वर्षांतून एकदा येणारी संधी, आणि ती नेमकी या आठवड्यात.

नेदरलँड्सचा तो एकच, जिंकलात-तर-रिओवाला सामना मी बघितला नाही. त्याच दिवशी माझ्या लेकीची ‘डिप्लोमा ए’ची परीक्षा होती.

हे काय ते सांगायला हवं. इथली मुलं शाळेत बाराखडी शिकायच्या सुमाराला पोहायला शिकतात, आणि पोहण्याची रीतसर प्रमाणपत्रं असतात: ए, बी, सी. कुठल्याही मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं की खाली ओळ: डिप्लोमा आहे का? हौस म्हणून नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर देशातली सगळ्यात खोल जमीन आहे, समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. रस्त्याकडेला कालवा, शाळेमागे कालवा, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तोही कालवा. म्हणून परीक्षेत मुलांना कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरवतात. चुकून पडलात तर पोहण्याच्या पोशाखात पडणार नाही, हा साधा विचार.

मी स्वतः विहिरीत शिकले, म्हणजे शिकायचं होतं. पाठीला डबा बांधून मामाने ढकललं, मी बाहेर आले ती परत विहिरीकडे न बघण्याची शपथ घेऊनच. त्यामुळे सात वर्षांची लेक टी-शर्ट, चड्डी आणि बुटांसकट धपकन पाण्यात पडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बाकीचे पालक कॉफी पीत होते. पुढे पाण्याखाली एक ताडपत्री टांगलेली, तिला मधोमध भोक. बुडी मारायची, ३ मीटर पाण्याखालून जायचं आणि त्या भोकातून पार व्हायचं. ताडपत्रीच्या अलीकडे तिचे पाय दिसेनासे झाले. मी मनात आकडे मोजत होते, चारावर तिचं डोकं पलीकडे आलं. केस डोळ्यांवर, एक बूट गायब.

डिप्लोमा हातात, एक बूट हरवलेला, अशा अवस्थेत आम्ही घरी आलो तर आजी बाहेर कुंड्यांना पाणी घालत होत्या. चेहऱ्यावरूनच कळलं.

“हरलो?”

“हेलास, पिंडाकास,” त्या म्हणाल्या. शब्दशः ‘अरेरे, पीनट बटर’. काही अर्थ नाही, नुसतं यमक. आपण ‘जाऊ दे, चालायचंच’ म्हणतो तिथे ही मंडळी पीनट बटर आणतात. मग लेकीकडे वळून त्यांनी डिप्लोमा हातात घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि तिच्याशी हस्तांदोलन केलं, मोठ्या माणसाशी करतात तसं.

त्या चार जागा अमेरिका, इटली, स्पेन आणि रशियाने घेतल्या. स्पर्धा अमेरिकेने जिंकली. जगात दुसरा आणि युरोपात दुसरा असलेला संघ रिओला गेला नाही. मी आता या खेळातली जाणकार आहे असं मुळीच नाही, पण एक गोष्ट मला खुपते. रिओला पुरुषांचे वॉटरपोलो संघ बारा होते. बायकांचे आठ. तलाव तोच, पाणी तेच. पाण्याखाली जे चालतं ते मी पाहिलंय, ते कुठल्याही अंगाने कमी नाही. या चार जागा का कापल्या, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगावं. आजींना विचारलं तर त्या फक्त खांदे उडवतात.

मग पाडवा झाला. श्रीखंडाला इथलं दही चालतं, टांगून ठेवलं की झालं. आजींना वाटीभर दिलं, सोबत बातमीही: मी मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलंय, दर मंगळवारी संध्याकाळी. वर्गात आम्ही सहा जण, त्यात पोहता न येणाऱ्या पाच बाया आणि एक सीरियन काका. त्यांना पोहता येतं. त्यांना फक्त प्रमाणपत्र हवंय.

दोन रव्यांचा प्रकार मी पहिल्याच दिवशी करून बघितला. शिकवणारी मुलगी म्हणाली, हात पाण्याबाहेर काढ. मी दोन्ही हात वर केले. एक, दोन, तीन, चार, मग कानात पाणी. दुसऱ्या खेपेला नऊपर्यंत गेले.

“नऊ सेकंद!” मी आजींना सांगितलं. “दोन्ही हात वर!”

त्यांनी श्रीखंडाचा चमचा तोंडातून काढला. “बुटांसकट?”