उरलेली मिनिटं

दहा मिनिटांत काय काय होतं? कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, एक लोकल चुकून दुसरी येते, "छोटंसं काम होतं" म्हणत आलेला शेजारी काम सोडून बाकी सगळं बोलून जातो. जपानमधल्या एका स्टुडिओत मात्र सतरा वर्षं दहा मिनिटांना एकच अर्थ होता. तेवढ्या वेळात पडद्यावर एक शय्यादृश्य आलंच पाहिजे. सिनेमा सत्तर मिनिटांचा, म्हणजे साधारण सातदा. एवढं सांभाळा, मग गोष्ट कुठलीही सांगा, कशीही सांगा, कुणी विचारणार नाही.

सगळी गंमत या 'कुणी विचारणार नाही'मध्ये आहे.

स्टुडिओचं नाव निक्कात्सु. १९१२ साली सुरू झालेली, नावाजलेली कंपनी. १९७१ पर्यंत टीव्हीनं तिचा प्रेक्षक घरात बसवला आणि तिजोरीचा तळ दिसायला लागला. बंद पडायचं की शृंगारपट काढायचे, असा प्रश्न आला तेव्हा कंपनीनं दुसरा रस्ता धरला. त्या नोव्हेंबरात पहिला चित्रपट लागला. त्याची नायिका होती गृहसंकुलातल्या फ्लॅटमध्ये दुपारभर एकटी असणारी एक कंटाळलेली गृहिणी. मालिकेला नाव मिळालं 'रोमन पोर्नो'. यातला 'रोमन' इटलीतला नाही, कादंबरीसाठी जो फ्रेंच शब्द आहे तो. १९८८ पर्यंत हा कारखाना चालला.

शृंगारपट त्याआधीही होतेच. १९६२ पासून लहान लहान स्वतंत्र कंपन्या ते काढत होत्या आणि त्यांना 'पिंकू एइगा', म्हणजे गुलाबी सिनेमा, म्हणत. दोहोंतला फरक खिशातला. निक्कात्सुकडे स्टुडिओ होता, सेट होते, मुरलेले कॅमेरामन होते आणि एका चित्रपटाला साधारण ७५ लाख येन मिळत. गुलाबीवाल्यांचं बजेट तीसेक लाख येन, आणि कित्येक वर्षं ते तेवढंच राहिलं. चित्रीकरण तीन ते पाच दिवसांत उरकायचं. जागा म्हणजे कुणाचा तरी भाड्याचा फ्लॅट, समोरची गल्ली, गच्ची. गर्दीतला माणूस हवा असला की साहाय्यक दिग्दर्शक कोट चढवून उभा.

यांत खरोखर भावना असते का, की आपलं कलेचं सोवळं नेसवून पाहायचं? खरं सांगायचं तर बहुतेकांत नसते. या ढिगातला पुष्कळसा माल गाळ आहे, आणि नुसता गाळ नाही, चीड आणणारा आहे. बळजबरी झालेली बाई तिसऱ्या दृश्यात त्याच माणसाच्या प्रेमात पडते, ही तिथली घासून गुळगुळीत झालेली युक्ती. ती 'त्या काळची रीत' म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच काळात, त्याच पैशांत, त्याच अटीखाली वेगळं करणारे लोक होते. आपलं लक्ष त्यांच्याकडे.

आपल्या संगीत नाटकाचं थोडं असंच होतं. प्रेक्षक पदांसाठी यायचा, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण दोन पदांच्या मधलं नाटक पोकळ असलं की पदही पडायचं. इथेही हिशेब तोच. दृश्य दोन-तीन मिनिटांचं असेल तर सात-आठ मिनिटं उरतात. गाळ काढणारा ती भरून काढतो. चांगला दिग्दर्शक त्यांच्यासाठीच सिनेमा काढतो.

पैसे कमी पडले की कुठे काय मोडतं ते पाहण्यासारखं आहे. लहान खोलीत सगळ्यांत महाग गोष्ट म्हणजे दिव्यांची जागा बदलणं. कॅमेरा या भिंतीकडून त्या भिंतीकडे फिरला की दिवे हलवा, तारा हलवा, सावल्या पुन्हा बघा. अर्धा तास गेला. म्हणून एक काटकसरीची पद्धत पडली: कॅमेरा एका बाजूला असतानाच त्या बाजूचे सगळे तुकडे घेऊन टाकायचे. आधी नायिकेची सगळी वाक्यं, मग कॅमेरा फिरवून नायकाची. वेळ वाचतो, संवाद मरतो. समोरचा बोलतच नसतो, त्यामुळे ऐकणारा चेहरा ऐकत नसतो, नुसता थांबलेला असतो. कापून जोडलं की जुळतं सगळं, पण दोन माणसं एका खोलीत आहेत असं वाटत नाही. प्रेमाच्या सिनेमात एवढं बिनसलं की मग उरलं काय?

यावरचा उपाय म्हणजे लांब शॉट. दोन तास तालीम करायची, दिवे एकदाच लावायचे आणि पाच मिनिटांचा प्रसंग एका दमात घ्यायचा. यात फिल्मही वाचे, कारण ३५ मिलिमीटरची फिल्म महाग आणि दुसऱ्या टेकला पैसे नसत. शिंजी सोमाई या दिग्दर्शकाचा हा हातखंडाच. १९८५ साली निक्कात्सुसाठी केलेल्या 'लव्ह हॉटेल'मध्ये त्यानं कर्जात बुडालेला एक माणूस आणि एक कॉलगर्ल यांना दोन वर्षांनी पुन्हा समोरासमोर आणलं. आता तो टॅक्सी चालवतो. तिथे कॅमेरा लांब उभा राहतो, घाई करत नाही, आणि न तुटलेल्या त्या वेळात माणसं काय बोलावं याचा विचार करताना दिसतात. शेवटी दगडी पायऱ्या आहेत आणि वरून साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, पाकळ्या पडतायत. सातांपैकी एकही दृश्य तेवढं लक्षात राहत नाही.

दुसरी मोडतोड आवाजाची. सेटवर आवाज मुद्रित करायचा नाही, सगळं नंतर डबिंगमध्ये भरायचं, हा रिवाज. त्यामुळे सेटवर शांतता राखायची गरज नाही, दिग्दर्शक शॉट चालू असताना सूचना देऊ शकतो, बाहेर ट्रक गेला तरी चालतो. पण स्टुडिओतल्या माइकसमोर उभं राहून घेतलेला श्वास खोलीतला वाटत नाही. तो कानाला चिकटतो. संवाद ओठांवरून अर्ध्या अक्षरानं सरकला की हसू येतं, आणि नको तिथे येतं. तयारीचे दिग्दर्शक म्हणून महत्त्वाचं वाक्य पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी देत, किंवा बाहेरचा आवाज आत घेत: पाऊस, फाटकाची घंटा, लांबून जाणारी गाडी. तात्सुमी कुमाशिरो हा निक्कात्सुचा दिग्दर्शक तर याच्याही पुढे गेला. त्याची पात्रं गुणगुणतात, पुटपुटतात, एकमेकांच्या वाक्यांवर वाक्यं टाकतात. ओठ जुळतायत का हे तपासायला डोळ्यांना फुरसतच मिळत नाही.

कुमाशिरोचा १९७९चा एक चित्रपट आहे, लाल केसांच्या बाईचा. बांधकामावरचा एक ट्रकचालक तिला रस्त्यातून उचलून आपल्या कळकट खोलीवर आणतो. बाहेर पाऊस थांबत नाही, कामं बंद, करण्यासारखं दुसरं काही नाही. तिचं नाव आपल्याला कळत नाही. हळूहळू लक्षात येतं की हे दोघं एकमेकांना धरून आहेत ते वासनेपेक्षा गारठ्यानं. जुन्को मियाशितानं ती बाई अशी केली आहे की कपडे असताना ती जास्त उघडी वाटते. 'किनेमा जुम्पो' या सिनेमाच्या जुन्या, वजनदार नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या यादीत हा सिनेमा चौथा आला. यादी शृंगारपटांची नव्हती, वर्षभरातल्या सगळ्या जपानी चित्रपटांची होती.

आता कायदा. जपानच्या दंडसंहितेचं १७५वं कलम अश्लील वस्तू पसरवायला बंदी करतं. शिवाय १९४९ पासून 'एइरिन' हे चित्रपट उद्योगानंच नेमलेलं परीक्षण मंडळ आहे. त्या काळी नियम असा: गुप्तांग दाखवायचं नाही, तिथले केससुद्धा नाहीत. मग नटनट्या अंगाला 'माएबारी' लावत. म्हणजे कापसा-कापडाची छोटी पट्टी, चिकटपट्टीनं बसवलेली. दिव्यांच्या उकाड्यात घामानं ती सुटते आणि काढताना कातडी ओढते. एवढं करूनही धोका वाटला तर कॅमेऱ्यापुढे साके-बाटली ठेवा, दिव्याची शेड आणा, गादीची कड वर घ्या. रोमन पोर्नोला दोन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १९७२ मध्ये, पोलिसांनी निक्कात्सुवर धाड घातली. मंडळाच्या परीक्षकांनाही आरोपी केलं. सगळे सुटले, पण त्याला १९८० उजाडलं.

या धाकाचा एक परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता. कमरेखालचं दाखवता येईना, तेव्हा कॅमेरा वर सरकला. चेहऱ्यावर गेला, घट्ट मिटलेल्या मुठीवर, उशीवरच्या केसांवर. आणि चेहऱ्यावर पोचला की नटीला अभिनय करावाच लागतो, तिथे बाटली आडवी येत नाही.

कुमाशिरोनं तर लपवण्याचाच तमाशा केला. १९७३ साली त्यानं निवडलेल्या कथेचं नाव होतं साडेचार तातामींच्या खोलीतल्या सरकत्या दाराचं अस्तर. तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायची चटई, खोली तिच्यानंच मोजतात. साडेचार तातामी म्हणजे ऐंशीएक चौरस फूट, चाळीतल्या खोलीहूनही लहान. ही कथा एका मासिकानं छापली म्हणून त्या वेळी खटला चालूच होता. कुमाशिरोनं पडद्यावर काळे ठोकळे बसवले, आणि ते असे ढोबळ की आपण झाकलेल्या भागाऐवजी झाकणाऱ्याकडे बघायला लागतो. मधूनमधून १९१८ सालच्या तांदळाच्या दंगलींच्या बातम्या येत राहतात. ऐंशी चौरस फुटांत दोन माणसं, आणि दाराबाहेर महाग झालेला तांदूळ.

नागिसा ओशिमा या दिग्दर्शकाला हे लपवणं मान्य नव्हतं. १८ मे १९३६ रोजी सादा आबे नावाच्या बाईनं प्रियकराचा गळा आवळून जीव घेतला, त्या गाजलेल्या प्रकरणावर त्याला काहीही न झाकता चित्रपट करायचा होता. त्यानं निर्माता फ्रेंच घेतला, चित्रीकरण जपानमध्ये केलं आणि न धुतलेली फिल्म फ्रान्सला पाठवली. ती तिकडेच धुतली, तिकडेच जोडली. १९७६ मध्ये चित्रपट आला. मायदेशी खटला झाला तो पटकथेच्या पुस्तकावर, आणि त्यातूनही तो सुटला. गंमत अशी की या बिनपडद्याच्या चित्रपटातला सगळ्यांत बोचणारा शॉट रस्त्यावरचा आहे. सैनिकांची तुकडी एका दिशेनं चालली आहे, लोक झेंडे हलवतायत, आणि तो प्रियकर कडेकडेनं उलट दिशेनं निघालाय. अंगावर पूर्ण कपडे. त्याच प्रकरणावर आदल्याच वर्षी नोबोरू तानाकानं निक्कात्सुत, सगळ्या अटी पाळून, सव्वा तासाचा चित्रपट केला होता. तो जवळजवळ खोलीबाहेर पडतच नाही. दोन्ही पाठोपाठ पाहिले तर ओशिमाचा धाडसी वाटतो आणि तानाकाचा जवळचा.

गुलाबीवाल्यांकडे अटी सैल होत्या, म्हणून तिथे नवशिक्यांना संधी मिळे. मासायुकी सुओनं १९८४ मध्ये पहिला चित्रपट केला तो यासुजिरो ओझू या जुन्या दिग्दर्शकाच्या थाटात. ओझू म्हणजे जमिनीलगतचा कॅमेरा, लेकीच्या लग्नाची काळजी आणि बापाचं अर्धवट हसू. सुओनं ते सगळं जसंच्या तसं घेतलं. वर नवं जोडपं, खाली बाकीचं घर सभ्यपणे बसलेलं. म्हातारा बाप झालाय रेन ओसुगी, जो तेव्हा फार तर तेहतीस वर्षांचा होता. ही नुसती थट्टा असेल असं वाटत राहतं आणि मग सुनेला "तू आता तुझं बघ" असं सुचवताना बापाचा आवाज असा खाली येतो की थट्टेची धार जाते.

योजिरो ताकिताही इथूनच निघाला, आणि तेसुद्धा लोकलमध्ये बायकांना चाचपणाऱ्यांच्या विनोदी मालिकेतून, जी आज पाहवत नाही. त्याच ताकिताच्या 'ओकुरिबितो'ला २००९ साली ऑस्कर मिळालं. ऑस्करनं गुलाबी सिनेमा पावन होत नाही, पण त्यातलं एक काम नीट बघा. मृताला अखेरचे कपडे चढवणारा माणूस घरच्यांसमोर बसून पांघरुणाखाली हात घालतो, जुने कपडे काढतो, नवे चढवतो आणि कातडीची एक रेघही दिसू देत नाही. गादीची कड कुठे धरायची, हे या दिग्दर्शकाला वर्षानुवर्षं एइरिननं शिकवलं होतं.

आणि डबा. शिंजी इमाओकाच्या २००४ सालच्या 'तामामोनो'चं चित्रगृहातलं नाव इथे छापण्यासारखं नाही. असली नावं वितरक ठेवतात, दिग्दर्शकाला विचारत नाहीत. नायिका बोलिंगच्या हॉलमध्ये काम करते आणि बोलत नाही. युमिका हायाशीनं ती केली आहे. डबिंगच्या खोट्या श्वासांचा प्रश्न तिच्यापुरता तरी असा परस्पर सुटला. एका तरुण पोस्टमनशी तिचं जमतं आणि ती त्याच्यासाठी डबा करायला लागते. 'आवडलं का' हे तिला विचारायचं नसतं, झाकण उघडलं की कळतं. पोस्टमन नव्याचे नऊ दिवस खातो, मग दुसऱ्या, तरुण मुलीकडे वळतो. ती डबा करतच राहते.

हे चित्रपट तिथे एका तिकिटात तीन दाखवतात. तोक्योतलं उएनो ओकुरा हे असंच एक चित्रगृह २०१० साली नव्या इमारतीत गेलं. अशा चित्रगृहांत कुणी उकाडा टाळायला येतं, कुणी दोन गाड्यांच्या मधला वेळ काढायला, कुणी चक्क झोपायला. दहाव्या मिनिटाला एकदोघं सावरून बसतात. अकराव्या मिनिटाला पुन्हा माना कलंडतात. आणि पडद्यावर ती न बोलणारी बाई भात भरते, झाकण लावते, फडक्याची गाठ मारते.