गाजर गवत सगळीकडे का जिंकत नाही

गाजर गवताला सगळे शिव्या घालतात, मी पण घालते (हात लावला की दोन दिवस खाजवत बसते), पण खरं सांगू का, ते वाटतं तेवढं दांडगं नाहीये. त्याला हवी असते उकरलेली, उघडी, ऊन लागणारी जमीन, आणि ती आपण त्याला आयती करून देतो. जेसीबी फिरला, पाइपलाइनसाठी रस्ता खणला, कुठूनतरी आणून भराव टाकला की संपलं, पहिल्या पावसाला हे हजर. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि तिथून पुढे देशभर पसरलं, रेल्वेलाइन, हायवे, पडीक प्लॉट धरून धरून.

त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. रोप लहान असताना पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, म्हणजे खाली दुसरं काही उगवायचं असेल तर त्याला ऊनच मिळत नाही, मग मधून दांडा वर येतो आणि महिनाभरात फुलं. एकेका झाडाला हजारो बिया, त्या बारीक आणि हलक्या, वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या टायरला लागलेल्या चिखलातून कुठेही जातात. वर मुळांतून-पानांतून असं काही सोडतं की शेजाऱ्याचं बी रुजायला त्रास होतो. गुरं तोंड लावत नाहीत. १९८४ मध्ये बंगळुरूला त्याच्यावर मेक्सिकन भुंगेरे सोडले, ते पावसाळ्यात पानांची चाळण करतात पण थंडीत जमिनीत जाऊन झोपतात, आणि गवत तर ओल मिळाली की बारा महिने उगवतं.

त्याला टक्कर देतो आपला टाकळा! तोच, ज्याची पावसाळ्यात भाजी करतात. दाट उगवतो, भराभर उंच होतो आणि गाजर गवताला सावलीत कोंडतो, म्हणून गाजर गवत फुलायच्या आधी उपटा आणि तिथे टाकळ्याचं बी फेका असं शेतीवाले सांगतात. अडचण एवढीच की पावसाळा संपला की टाकळा वाळतो, जागा परत मोकळी.

आता साताऱ्याजवळ कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर या. कातळावर माती कुठे दोन बोटं तर कुठे तेवढीही नाही, जुलैत पाणी साचलेलं आणि एप्रिलमध्ये तवा. अशा जागी जोमाने वाढणाऱ्याला खायलाच काही नाही, म्हणून तर तिथे ती बोटभर उंचीची फुलं टिकलीत. सीतेची आसवं आणि दवबिंदू या इवल्याशा झाडांनी तर मातीत नायट्रोजन फारसा नाही म्हणून किडे खायला सुरुवात केलीये. गेंद, तेरडा, सगळे तीन-चार महिन्यांत उगवून फुलून बी टाकून मोकळे होतात. थोडी माती जास्त असेल तिथे टोपली कारवीची झुडपं, तिचा हिशोब वेगळाच, वर्षानुवर्षं नुसती वाढते आणि मग सगळी एकदम फुलते, बी एवढं पडतं की खाणारे खाऊन खाऊन किती खाणार.

पण हे सगळं जमीन वाईट आहे आणि गुरं चरताहेत तोवरच. चराई बंद झाली की उंच गवत माजतं आणि खालच्या बारक्यांना ऊन मिळत नाही, कासला कुंपण घातल्यावर हीच ओरड झाली होती, शेवटी ते काढलं. म्हशी चरल्या की फुलं जाणार असं आपल्याला वाटतं पण म्हशी आधी गवतच ओरपतात ना.

म्हणूनच सड्यांवर वृक्षारोपण करायला निघालेल्या उत्साही लोकांशी माझं दरवेळी वाजतं. पडीक जागा दिसते, बॅनर लागतो, कातळ फोडून खड्डे, खड्ड्यात खालून ट्रॅक्टरने आणलेली चांगली माती आणि शेणखत. रोपं बहुतेक उन्हाळ्यात मरतात, माती मात्र तिथेच राहते, आणि तिच्यातून आलेलं तणाचं बीसुद्धा. झाडंच लावायची असतील तर गावाच्या कडेला, ओढ्याकाठी लावा की, सड्यावर कशाला?