खोट्या पल्सचा माग

म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि अल्पायुषी कण) टिपणाऱ्या डिटेक्टरसाठी आलेली प्रत्येक फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे अगदी मंद प्रकाशाचाही विजेचा पल्स करणारी काचेची निर्वात नळी, आमच्याकडे आधी काळ्या पेटीत जाते. ट्यूबला व्होल्टेज पुरवणारा बेस आम्हीच सोल्डर करतो, हाय व्होल्टेज सावकाश चढवतो आणि काही तास नुसते थांबतो. उजेड लागलेली ट्यूब अंधारात मुरल्याशिवाय डार्क काउंट, म्हणजे उजेड नसतानाही येणाऱ्या पल्सची संख्या, खाली येत नाही. एका तुकडीतल्या ट्यूब गेन (सिग्नल किती पटींनी वाढतो ते) आणि डार्क काउंट दोन्हींत उत्तम निघाल्या. गडबड दिसली ती शेवटच्या चाचणीत.

सिंटिलेटरमध्ये, म्हणजे कण शिरला की चमकणाऱ्या पदार्थात, म्यूऑन थांबला की एक पल्स येतो आणि त्याचा क्षय होऊन इलेक्ट्रॉन निघाला की दुसरा. मधली वेळ मांडत गेलं की सरासरी २.२ मायक्रोसेकंदांचा, सलग उतरता आलेख मिळतो. इथे मात्र एक मायक्रोसेकंदाच्या आतच त्याला टेंगूळ आलं होतं.

"केबलमधलं रिफ्लेक्शन असेल," नवा सहकारी म्हणाला. शंका रास्त होती. पण केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात; जाऊन-येऊन अर्धा मायक्रोसेकंद व्हायला ५० मीटर केबल हवी. आमची जेमतेम तीन मीटर. बेस बदलला, तरी टेंगूळ ट्यूबबरोबरच राहिलं. मग सिंटिलेटर काढून समोर एलईडी लावला. म्यूऑनचा संबंधच संपला, तरी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मोठ्या पल्सच्या मागोमाग तो छोटा पल्स हजर! व्होल्टेज १२०० वरून १६०० वर नेलं, तर तो सुमारे १३ टक्के अलीकडे सरकला. वेळ व्होल्टेजच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत होती. व्होल्टेजनं खेचलेल्या विद्युतभारित कणाची वेळ अशीच बदलते आणि इलेक्ट्रॉन इतका हळू नसतो. म्हणजे ट्यूबच्या आत आयन (भारित अणू) धावत होता. मी टेबलावर थापच मारली.

शेजारच्या खोलीत व्हॅक्यूम चेंबरची गळती हेलियमनं तपासतात आणि ट्यूबचं कपाट नेमकं त्या दाराशी होतं. नायट्रोजन, आर्गॉनला काच अडवते. हेलियम तिच्यातून झिरपतो. हवेत तो दहा लाखांत पाच भाग, इथे सिलिंडरमधून सुटलेला. आत शिरलेल्या अणूला इलेक्ट्रॉनची धडक बसली की धन आयन बनतो, उलटा जाऊन फोटोकॅथोडवर (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या आतल्या थरावर) आदळतो, तिथून इलेक्ट्रॉन उडवतो. झाला आफ्टरपल्स, म्हणजे मागून येणारा खोटा पल्स, तयार. त्याच तुकडीतल्या, पण दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या ट्यूब लावून पाहिल्या. आलेख स्वच्छ आला.

१९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात तयार होणाऱ्या, क्वचितच कशाशी धडकणाऱ्या न्यूट्रिनो कणांपासून झालेले म्यूऑन सिंटिलेटर आणि अशाच ट्यूबच्या भरवशावर टिपले गेले. नोंदी मोजक्या आणि एकेक लाखमोलाची. या क्षेत्रात आफ्टरपल्सची चाचणी ऐच्छिक ठेवणं मला मुळीच पटत नाही. आमच्या तक्त्यात आता तिचा रकाना सक्तीचा आहे.

आत गेलेला हेलियम बाहेर काढता येत नाही. म्हणून त्या ट्यूब कोइन्सिडन्सच्या (एकाच वेळी आलेले पल्स जुळवणाऱ्या) सिंटिलेटर पट्ट्यांना लावल्या. तिथे दोन पट्ट्यांतले पल्स ५० नॅनोसेकंदांत जुळले तरच नोंद होते आणि त्यानंतर काही मायक्रोसेकंद इलेक्ट्रॉनिक्स पुढचं काही घेतच नाही. क्षय मोजणाऱ्या मांडणीत स्वच्छ ट्यूब बसवल्या आणि कपाट त्याच संध्याकाळी दुसऱ्या इमारतीत हलवलं.