स्प्रिंगफील्ड, मिसूरी: काजू चिकनच्या गावी

लेक मिसूरी स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते, म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघं आणि माझी नणंद असे तिघं स्प्रिंगफील्डला तीन आठवडे राहून आलो. गाव तसं लहान, वस्ती एक लाख सत्तर हजारांच्या आसपास. सेंट लुईसहून गाडीने साडेतीन तास, अंतर साधारण ३५० किलोमीटर. मला वाटलं होतं, इथे बर्गर आणि पिझ्झा सोडून काही मिळायचं नाही. पण या गावाची ओळखच एका चिनी हॉटेलातल्या पदार्थावर आहे, आणि त्यात काजू आहे! मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे काजूचं नाव निघालं की माझे कान टवकारतातच.

पदार्थाचं नाव कॅश्यू चिकन. डेव्हिड लेओंग नावाच्या माणसाने तो इथे रूढ केला. चीनमधून १९४० साली तरुण वयात अमेरिकेत आले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातून लढले आणि पुढे स्वयंपाकी म्हणून स्प्रिंगफील्डला स्थिरावले. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःचं लेओंग्ज टी हाऊस उघडलं, तर उघडण्याच्या तोंडावर कुणीतरी दारापाशी डायनामाइटचा स्फोट केला. तरीही त्यांनी हॉटेल उघडलंच. इथल्या लोकांना तळलेलं चिकन प्रिय, म्हणून त्यांनी ते तळलेलं चिकनच घेतलं आणि त्यावर आपला चिनी सॉस ओतला. टी हाऊस १९९७ मध्ये बंद झालं, २०१० मध्ये घरच्यांनी पुन्हा हॉटेल काढलं आणि २०२० मध्ये, नव्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले. आज गावातल्या जवळजवळ प्रत्येक चिनी हॉटेलात हा पदार्थ मिळतो. ज्या गावात दारात स्फोट झाला, त्याच गावाने त्यांचा पदार्थ आपला म्हणून मिरवावा, हे ऐकून मला भरून आलं.

आम्ही खाल्लं ते युनिव्हर्सिटीजवळच्या एका साध्या हॉटेलात. सहा-सात टेबलं, काउंटरवर ऑर्डर द्यायची, नंबर पुकारला की ताट घ्यायचं. चिकनचे बोराएवढे तुकडे, अंड्या-मैद्याच्या जाड आवरणात तळलेले, वर तपकिरी दाट रस, त्यावर चिरलेली पात आणि भाजलेल्या काजूच्या पाकळ्या. सोबत फ्राइड राइस आणि एक एग रोल, म्हणजे सारण भरून तळलेली गुंडाळी. पहिल्या घासाला आवरण कुरकुरीत असतं आणि पाचेक मिनिटांत रस पिऊन मऊ होतं, म्हणून ताट आलं की गप्पा बाजूला ठेवून आधी खा. रसात सोया सॉस, चिकनचं पाणी आणि ऑयस्टर सॉस असतो. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. ती खारट-गोडसर चव मी लगेच ओळखली, ह्यांनीही. तिखटाचा मात्र पत्ता नाही. टेबलावर लाल मिरचीचा सॉस असतो, तो थेंबाथेंबाने घ्या.

काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून गोव्याच्या किनाऱ्यावर आणला आणि आपल्या कोकणात रुजला. आमच्याकडे चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ होते. मी घरून भाजके काजू नेले होते. एके दिवशी त्यातलं एक पाकीट काउंटरवरच्या बाईंना दिलं. त्यांनी एक अख्खा गर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "तुमच्या झाडाचे?" मी म्हटलं, "हो, सासऱ्यांनी लावलेल्या कलमांचे." त्यानंतर आम्ही गेलो की त्या आधी आमच्यासाठी चहा आणून ठेवायच्या.

आता नणंदेबद्दल. त्या कट्टर शाकाहारी, अंडंही नाही. एका हॉटेलात आम्ही 'व्हेज' फ्राइड राइस सांगितला आणि त्यात अंडं निघालं. बरोबरच्या एग रोलमध्ये डुकराचं मांस होतं, ते वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. त्या दिवशी त्या उपाशीच उठल्या आणि मला फार वाईट वाटलं. विचारलं असतं तर टळलं असतं. तिथे 'व्हेज' म्हणजे भाज्या घातलेलं, एवढाच अर्थ घेतला जाऊ शकतो. म्हणून नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणू नका, एकेक वस्तू विचारा: अंडं आहे का, चिकनचं पाणी आहे का, ऑयस्टर सॉस आहे का, तळण एकाच कढईत आहे का. थाई हॉटेलात फिश सॉस आणि कोलंबीची पेस्ट विचारा, करीच्या वाटणातच ती असू शकते. व्हिएतनामी फो, म्हणजे नूडल्सचं सूप, त्याचं सार बहुधा गाईच्या हाडांचं असतं, तेव्हा बीफ न खाणाऱ्यांनी भाजीचं सार मिळतं का ते आधी विचारून घ्यावं. क्रॅब रंगून नावाच्या तळलेल्या पुडीत क्रीम चीज असतं, आणि बहुधा खेकडा किंवा त्याच्यासारखं केलेलं मासळीचं मिश्रण. आमच्या लेकीने हे प्रश्न फोनवर इंग्रजीत लिहून ठेवले होते, वेटरला दाखवले की काम सोपं व्हायचं. टोफू आणि भाज्या, सोया-लसणात परतलेल्या, सोबत साधा भात, हे नणंदेला सगळीकडे मिळालं आणि आवडलंही.

बाकी लहानसहान गोष्टी. बसची सोय तुटपुंजी आहे, गाडी नसेल तर लेक-मुलगा किंवा टॅक्सी यांच्यावरच भिस्त. घरगुती हॉटेलं आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि रात्री लवकर आवरतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. दुपारचं ताट स्वस्त पडतं आणि एका ताटात आपल्यासारख्या दोघांचं होतं. छापलेल्या किमतीवर कर वेगळा, आणि टेबलावर वाढणारा असेल तर पंधरा ते वीस टक्के टिप ठेवायची पद्धत आहे. तिखट हवं असेल तर थाई हॉटेलात आकडा विचारतात, एक ते पाच. आम्हाला चार ठीक वाटला.

उरलेलं डब्यात भरून देतात. कॅश्यू चिकन घरी न्यायचं असेल तर रस वेगळ्या डबीत मागा, आणि दुसऱ्या दिवशी चिकन मायक्रोवेव्हमध्ये न ठेवता ओव्हनमध्ये गरम करून मग ओता. काजू अगदी शेवटी.